नारायणरावाचा वध : कर्ता आणि करविता

दुसऱ्याच्या हातून खून करविणाऱ्या माणसाचा अपराध किती, आणि द्रव्य घेऊन तो करणाऱ्याचा किती, हा प्रश्न न्यायशास्त्राइतकाच जुना आहे. अलीकडे दूरचित्रवाणीवरील मालिकांनी तो घरोघरी नेऊन पोचविला आहे. त्यांतील कथानक बहुधा ठरीव असते. कोणी भाऊबंद किंवा भागीदार पैसे मोजून मारेकरी ठरवितो. प्रकरण हाताबाहेर जाते. आणि सगळे उघडकीस आल्यावर तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो की, आपण केवळ धाक घालावयास सांगितले होते, जीव घ्यावयास सांगितले नव्हते. प्रेक्षकाचे मन येथे थोडेसे द्रवते. मारेकऱ्याचा तिरस्कार करता करता तो पैसे देणाऱ्यास निम्मी क्षमा करून टाकतो. ही निम्मी क्षमा रास्त आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे. आणि त्यासाठी आम्हांस कल्पित कथानकाकडे जाण्याचे प्रयोजन नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात १७७३ साली हीच सबब प्रत्यक्ष सांगण्यात आली, एका न्यायाधीशाने ती ऐकून घेतली, आणि तिच्यावर आपले मतही दिले.

हकीकत सर्वांच्या माहितीची आहे. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी ती थोडक्यात सांगितली पाहिजे. थोरला माधवराव पेशवा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ नारायणराव अधिकारावर आला. त्या वेळी त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्याचा चुलता रघुनाथराव, ज्याला लोक राघोबादादा म्हणत, हा अटकेपर्यंत गेलेला शूर सरदार. परंतु राज्यलोभ आणि चंचल बुद्धी या दोहोंनी त्याला कधी स्वस्थ बसू दिले नाही. १७६८ साली धोडपच्या लढाईत पुतण्या माधवराव याच्याकडून त्याचा पराभव झाला आणि तो शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. मरणापूर्वी माधवरावाने चुलत्या-पुतण्यांचा समेट घडवून आणला होता. पण तो फार दिवस टिकला नाही. १७७३ च्या उन्हाळ्यात रघुनाथराव पुन्हा त्याच वाड्यात अटकेत बसला होता.

वाड्यावर पहारा गारद्यांचा असे. कवायत शिकलेली ही पगारी पलटण कोणत्याही एका जातीची वा धर्माची नव्हती. तिच्यात हिंदू होते तसे मुसलमानही होते. या लोकांचे इमान पगाराशी, आणि पगार तर नेहमीच थकलेला. अशा लोकांशी संधान बांधणे कैदेतल्या माणसासही कठीण नव्हते. सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ हे गारद्यांचे नायक आणि रघुनाथरावाचा खिजमतगार तुळाजी पवार यांच्या द्वारे मसलत ठरली. नारायणरावास धरावे, रघुनाथरावास मोकळे करावे, आणि कामगिरीबद्दल गारद्यांनी भरघोस बक्षीस घ्यावे, असा तो सौदा होता.

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३, शके १६९५, भाद्रपद मास. वाड्यात गणेशोत्सव चालू होता. त्या दिवशी सकाळी नारायणराव पर्वतीस जाऊन आला. गारद्यांत काही शिजत आहे याची कुणकुण रघुजी आंग्रे यास लागली होती व त्याने ती पेशव्याच्या कानावर घातली. पेशव्याने हरिपंत फडके यास बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंताने करतो म्हटले, आणि आधी ठरल्याप्रमाणे तो दुसरीकडे जेवावयास गेला. दुपारी एकच्या सुमारास गारदी पगाराची ओरड करीत वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याकडे गेला आणि त्याच्या गळ्यास मिठी मारून प्राणांची भीक मागू लागला. पुढे जे घडले त्यात रघुनाथरावाची मिठी सुटली, तुळाजीने नारायणरावाचा पाय धरून त्यास खाली ओढले, चापाजी टिळेकर नावाचा सेवक हातात शस्त्र नसता धन्याच्या अंगावर आडवा पडला, आणि दोघेही एकाच वेळी मारले गेले. रियासतकार सरदेसाई यांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे अर्ध्या तासात अकरा माणसे कापली गेली. त्यांत दोन दासीही होत्या. ज्या दाराने पेशव्याच्या देहाचे अवशेष बाहेर काढले, त्यास पुणेकर अद्याप नारायण दरवाजा म्हणतात.

या दिवसाच्या दोन आठवणी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. एक, ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी. आणि दुसरी, ‘ध’चा ‘मा’. रघुनाथरावाने गारद्यांस दिलेल्या लेखी हुकुमात नारायणरावास ‘धरावे’ असे होते, त्याचे कोणी ‘मारावे’ असे केले, आणि करणारी रघुनाथरावाची बायको आनंदीबाई होती, अशी समजूत आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे; मूळ कागद पुढे रामशास्त्र्यांच्या हाती लागला व त्यात हा फेरफार दिसून आला, असे तो सांगतो. आज आपल्या हाती तो कागद नाही. त्याची हकीकत तेवढी आहे. ‘ध चा मा करणे’ ही मात्र मराठी भाषेत कायमची म्हण होऊन बसली.

या म्हणीच्या स्वरूपाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. अशाच प्रकारच्या कामाचे आणखी दोन वाक्प्रचार आपल्या भाषेत आहेत. दरबारात अवघड कामगिरीसाठी विडा ठेवला जाई; जो तो उचली त्याने ती कामगिरी पत्करली, असे ठरे. त्यावरून ‘विडा उचलणे’ आले. तमाशाच्या फडास किंवा वाजंत्र्यांस काम ठरविताना सुपारी दिली जाई. तीच सुपारी पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगात गेली, आणि आज ‘सुपारी’ म्हटली म्हणजे बॅण्डच्या आधी खून आठवतो. या दोन्ही शब्दांत देणारा दिसतो आणि घेणाराही दिसतो; सौदा उघडा असतो. ‘ध’चा ‘मा’ या म्हणीत मात्र दोघेही दिसेनासे होतात. उरते ते एक अक्षर, आणि ते बदलणारी एक बाई. आमच्या मते या म्हणीने इतिहासाची जी हानी केली ती येथे आहे.

ती कशी, हे पाहण्यासाठी तिन्ही पक्ष क्रमाने तपासू. समजा, मूळ हुकुमातच ‘मारावे’ असे होते. मग रघुनाथराव खुनाचा करविता ठरला, यात वाद नाही. समजा, मुळात ‘धरावे’ होते आणि आनंदीबाईने ते बदलले. तर आनंदीबाई दोषी ठरली हे खरे. पण तेवढ्याने रघुनाथराव सुटला काय? त्याने राज्याच्या धन्याविरुद्ध, थकलेल्या पगाराने चिडलेल्या हत्यारबंद लोकांस, बक्षिसाची आशा लावून, तो राहत होता त्याच वाड्यात सोडले. अशा स्वारीत रक्त सांडणार नाही असे मानणे हे अनेक वर्षे लढायांत काढलेल्या सरदारास शोभत नाही. आता तिसरा पक्ष : समजा, अक्षर बदललेच नाही, आणि कागदाची सगळी कथा मागाहून रचलेली आहे. तरीही गारद्यांशी सौदा झाला होता ही गोष्ट राहतेच. कारण ती स्वतः रघुनाथरावाने रामशास्त्र्यांपुढे कबूल केली, असे डफ म्हणतो. धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा दिला नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे होते. तात्पर्य, ते अक्षर ‘ध’ असो वा ‘मा’ असो, त्यावरून निर्णय होतो तो केवळ आनंदीबाईचा. रघुनाथरावाचा होत नाही. आणि गंमत अशी की, ज्या एका व्यक्तीचा अपराध न सापडणाऱ्या कागदावर अवलंबून आहे ती लोकांत पूर्ण दोषी ठरली आहे, आणि ज्याचा अपराध त्याच्या स्वतःच्या कबुलीवर उभा आहे तो निम्मा सुटला आहे.

याला रंगभूमीनेही हातभार लावला आहे. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले. प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट १९४४ साली निघाला. दोन्ही कृतींनी रामशास्त्र्यांचे तेज महाराष्ट्राच्या मनावर ठसविले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु नाटकास दुर्बळ नवरा आणि कपटी बायको ही जोडी फार सोयीची असते. दुर्बळाची कीव येते व कपटाचा राग येतो. प्रेक्षकास दोन्ही रस मिळतात. इतिहासाने मात्र अशा सोयीवर निवाडा करू नये. आनंदीबाई निरपराध होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्याविरुद्धचा पुरावा ऐकीव आहे आणि तिच्या नवऱ्याविरुद्धचा तसा नाही, एवढेच आम्ही म्हणतो.

आता आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार कसा केला आहे ते पाहू. कारण रामशास्त्र्यांच्या हाती तेच साधन होते. बळजोरीच्या कृत्यास शास्त्रात ‘साहस’ अशी संज्ञा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात साहस करविणाऱ्यास, करणाऱ्याच्या मानाने, दुप्पट दंड सांगितला आहे. आणि ‘मी द्रव्य देतो, तू कर’ असे म्हणून जो करवितो त्यास चौपट. हा भेद फार मार्मिक आहे. नुसती चिथावणी देणारा दुसऱ्याच्या मनात असलेल्या द्वेषास वारा घालतो. पैसे देणारा जेथे द्वेष मुळीच नाही तेथे तो विकत घेऊन ठेवतो. मारेकऱ्याचे त्या माणसाशी काही वैर नसते. वैर असते ते पैसे देणाऱ्याचे, आणि तो ते दुसऱ्याच्या हातात भरतो. म्हणून त्याचा भार चौपट.

आपस्तंब धर्मसूत्रात याहून व्यापक विचार आहे. प्रवृत्त करणारा, संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा, हे तिघेही कर्माच्या फळाचे वाटेकरी होत. आणि ज्याचा त्यात अधिक भाग त्यास फळही अधिक. येथे दंडाची गोष्ट नाही, पापाची आहे. दंड राजा देतो आणि त्याला पुरावा लागतो. पाप ज्याचे त्यास चिकटते आणि त्याला साक्षीदार लागत नाही. कायद्याचा अपराध व नीतीचा अपराध हा जो भेद आपण आज करतो, तो आपल्या शास्त्रकारांनी दंड आणि प्रायश्चित्त या दोन शब्दांनी केला होता.

अर्वाचीन कायदाही रघुनाथरावाच्या सबबीस फारशी जागा देत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम १११ होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच नियम कलम ५१ मध्ये आहे. एका कृत्यास प्रवृत्त करावे आणि भलतेच कृत्य घडावे, अशा वेळी ते घडलेले कृत्य त्या प्रवृत्तीचा संभाव्य परिणाम असेल आणि तिच्या प्रभावाखाली घडले असेल, तर प्रवृत्त करणारा त्या दुसऱ्या कृत्याबद्दलही जबाबदार धरला जातो. कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत त्यांतील एक तर जणू शनिवारवाडा समोर ठेवूनच लिहिल्यासारखे वाटते. एकाने दोघांस मध्यरात्री राहत्या घरात शिरून लूट करण्यास चिथविले व त्यासाठी हत्यारे पुरविली. घरातल्या माणसाने विरोध केला आणि त्या दोघांनी त्याला ठार मारले. खून हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर चिथावणारा खुनाच्या शिक्षेस पात्र होतो. उलट बाजूचेही एक उदाहरण तेथे आहे : घर जाळावयास सांगितले असता जाळणाऱ्याने चोरीही केली, तर चोरीचा दोष सांगणाऱ्यावर येत नाही, कारण चोरी हा जाळण्याचा संभाव्य परिणाम नव्हे. तेव्हा कायद्यापुढे प्रश्न ‘तुम्ही कोणता शब्द वापरला?’ हा नसून, ‘तुम्ही जे सुरू केले त्यातून काय निघणार हे दिसत होते की नव्हते?’ हा आहे. ‘धरावे’ या शब्दाचा आडोसा येथे पुरत नाही.

पण आम्हांस याहीपेक्षा एक खोल गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती डफच्या हकीकतीतल्या एका लहानशा प्रसंगात आहे. नारायणराव गळ्यात पडला तेव्हा रघुनाथरावाने सुमेरसिंगास त्याचे प्राण वाचविण्याविषयी विनविले, असे डफ लिहितो. त्यावर सुमेरसिंगाचे उत्तर अशा आशयाचे होते की, आपण एवढ्या थरास गेलो ते स्वतःचा नाश करून घेण्यासाठी नव्हे. सोडा त्याला, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल. हे उत्तर क्रूर आहे. परंतु त्यात तर्काची चूक नाही. धन्यावर हत्यार उपसून झाल्यावर तो धनी जिवंत राहिला, तर उद्या हत्तीच्या पायी कोणी जावयाचे? रघुनाथरावाने नव्हे, सुमेरसिंगाने. ज्या क्षणी गारद्यांनी वाड्यात पाऊल टाकले, त्या क्षणी या कामात त्यांचा स्वतःचा स्वार्थ उत्पन्न झाला, आणि तो ठेका देणाऱ्याच्या स्वार्थाहून वेगळा होता. हात भाड्याने घेता येतो. पण त्या हाताबरोबर येणारे भय, लोभ आणि जिवाची काळजी ही भाडेकरूच्या हुकुमात राहत नाहीत. ‘मी एवढेच सांगितले होते’ या सबबीचे खरे खंडन हे आहे. एवढेच सांगण्याची सत्ता त्याच्यापाशी उरलेलीच नसते, आणि ती उरणार नाही हे जाणूनच त्याने सौदा केलेला असतो.

येथे कोणी म्हणेल की, निदान शेवटच्या क्षणी रघुनाथरावास पश्चात्ताप झाला, याचे काही मोल आहे की नाही? आहे, पण पश्चात्तापाची किंमत मागण्यात आली तेव्हा त्याने ती दिली नाही. सोडा नाहीतर मरा, असे दोनच मार्ग समोर होते, आणि त्याने मिठी सोडविली. परक्या माणसाने असे केले असते तर आम्ही त्यास भित्रा म्हटले असते, अपराधी म्हटले नसते. कोणावरही वीरपणाची सक्ती करता येत नाही. परंतु ज्याने हे संकट निर्माण केले त्याचे कर्तव्य परक्याहून अधिक असते. स्वतः पेटविलेल्या घरातून पळून जाणाऱ्यास, आग फार भडकली होती, असे म्हणण्याचा अधिकार नाही.

आणि त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, दुसरा एक मनुष्य उभा होता. चापाजी टिळेकर हा काही पेशव्यांचा भाऊबंद नव्हता. त्याला गादी मिळावयाची नव्हती, की बक्षीस मिळावयाचे नव्हते. तोही पगारी होता आणि सुमेरसिंगही पगारी होता. दोघांचा पगार एकाच सरकारचा. ‘आम्ही पोटासाठी केले’ ही जी गारद्यांच्या बाजूने सांगता येण्याजोगी एकच सबब, तिला चापाजीच्या मरणाने कायमचे उत्तर दिले आहे. पगार माणसाचे काम विकत घेतो, त्याचा विवेक विकत घेत नाही. तो विकावयाचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. करवित्याचा दोष चौपट म्हटल्याने कर्त्याचा दोष कमी होत नाही. पापाची वाटणी मालमत्तेच्या वाटणीसारखी नसते. वाटेकरी वाढले म्हणून प्रत्येकाचा हिस्सा घटत नाही.

कायद्याच्या कक्षेबाहेर उरतात ते हरिपंतासारखे लोक. बंदोबस्त करण्याचे कबूल करून तो जेवावयास गेला. त्याने काही कट केला नव्हता. पुढे त्याने आयुष्यभर त्या घराची निष्ठेने सेवा केली. तरीही त्या दुपारच्या भोजनाचा विचार त्याच्या मनातून कधी गेला असेल, असे आम्हांस वाटत नाही. कोणतेही न्यायालय अशा माणसास शिक्षा देणार नाही, आणि देऊही नये. पण कटवाल्यांचे यश बहुधा कटवाल्यांपेक्षा अशा ‘मग पाहू’ म्हणणाऱ्यांवरच अधिक अवलंबून असते. चौकशीत पुढे जवळजवळ पन्नास असामी या प्रकरणात गुंतलेल्या आढळल्या, आणि त्यांत गारद्यांपेक्षा कारकुनी व दरबारी पेशाचे लोक अधिक होते. हत्यार थोड्यांनी धरले. ते धरले जाणार हे पुष्कळांस ठाऊक होते.

आता रामशास्त्र्यांकडे वळू. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा विद्वान १७५९ पासून पुण्यात न्यायाधीशाच्या पदावर होता. खुनानंतर सुमारे सहा आठवडे चौकशी करून तो रघुनाथरावापुढे गेला. आणि रघुनाथराव या वेळी कैदी नसून राज्याचा धनी झाला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. रघुनाथरावाने प्रायश्चित्त विचारले. शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि हा मनुष्य कारभारावर असेतोवर आपण पुण्यात पाऊल टाकणार नाही असे म्हणून ते वाईच्या बाजूस एका खेड्यात जाऊन राहिले.

या निवाड्याचे धैर्य सर्वजण वाखाणतात. त्याचे शहाणपण मात्र फारसे कोणी पाहत नाही. न्यायाधीशापाशी या आरोपीस दंड देण्याची सत्ता नव्हती. दंड देणारा राजाच आरोपी होता. तेव्हा कायद्याची वाट बंद झाली असता त्यांनी नीतीची वाट धरली, आणि आरोपीने स्वतःच प्रायश्चित्ताचा प्रश्न विचारून ती मोकळी करून दिली. दुसरे असे की, ‘धरावे’ म्हणून कबूल करणाऱ्या माणसास त्यांनी ‘मारावे’ म्हणणाऱ्याचेच प्रायश्चित्त सांगितले. म्हणजे अक्षराच्या सबबीने त्यांच्या मनात पापाचे माप एका गुंजेनेही कमी झाले नाही. ज्या म्हणीने पुढे रघुनाथरावास आडोसा दिला, तो आडोसा रामशास्त्र्यांनी त्याच्या तोंडावरच नाकारला होता.

युरोपच्या इतिहासातील एक प्रकरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या धर्ममंदिरात आर्चबिशप टॉमस बेकेट यास चार सरदारांनी ठार मारले. राजा दुसरा हेन्री याने मारण्याचा हुकूम दिला नव्हता; भर दरबारात संतापाचे उद्गार काढले होते, आणि ते ऐकून हे चौघे निघाले होते. येथे ना लेखी हुकूम, ना ठरलेले बक्षीस. रघुनाथरावाच्या मानाने हेन्रीचा दोष पुष्कळच हलका. तरीही ११७४ साली हा राजा अनवाणी कँटरबरीस गेला आणि त्याने उघड्या पाठीवर धर्मगुरूंकडून फटके घेतले. त्यात राजकारणाचा भाग होता हे उघड आहे. पण ज्याने शब्द उच्चारला त्याने त्या शब्दाचे फळ सर्वांदेखत पत्करले, एवढे तरी घडले. पुण्यात तेही घडले नाही.

येथे घडले ते असे. १७७४ मध्ये बारभाईंनी रघुनाथरावाविरुद्ध उठाव केला, १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेस पुत्र झाला, आणि रामशास्त्री आपल्या जागेवर परत आले. रघुनाथराव पळून मुंबईकर इंग्रजांकडे गेला व ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्याने त्यांच्याशी तह केला. त्यातून जे युद्ध उद्भवले ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. त्या तहाने रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरविली; तो कोपरगावास जाऊन राहिला व १७८३ साली अंथरुणात मेला. सुमेरसिंग परमुलखात मेला. महंमद इसफ सापडला व त्यास देहान्त शासन झाले. खरगसिंग आणि तुळाजी पवार यांनी हैदराचा आश्रय केला होता. हैदराने त्यांस पुण्याच्या स्वाधीन केले आणि ते हालहाल होऊन मेले. कर्त्यांस यातना आणि करवित्यास नेमणूक, असा या प्रकरणाचा हिशेब झाला.

बारभाईंचा हेतू शुद्ध न्यायाचा नव्हता, राज्य राखण्याचा होता, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. रघुनाथरावास पकडून शिक्षा देणे इंग्रजांच्या पाठबळामुळे त्यांच्या आवाक्याबाहेर होते, हेही खरे. पण ही सर्व कारणे केवळ १७८२ ची नाहीत. भाड्याचे मारेकरी सापडतात, कारण ते प्रत्यक्ष जागेवर असतात, त्यांच्या हातास रक्त लागलेले असते आणि त्यांना तह करून देणारा कोणी नसतो. करविता दूर असतो. त्याच्या आणि रक्ताच्या मध्ये एक चिठी असते, एक मध्यस्थ असतो, आणि सबब सांगावयास एक शब्द असतो. भारतीय न्याय संहितेने संघटित गुन्हेगारीच्या कलमात सुपारीच्या खुनाचा नावाने समावेश केला आहे. कायद्याची दृष्टी हातावरून त्या हातामागच्या माणसाकडे वळते आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कायदा पुराव्याने बांधलेला असतो. सामान्य माणसाच्या मनातला निवाडा पुराव्याच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि म्हणूनच तो चुकू नये याची अधिक काळजी घेतली पाहिजे.

‘ध’चा ‘मा’ ही म्हण आता भाषेतून जाणार नाही, आणि ती जावी असेही आमचे म्हणणे नाही. कागदपत्रांत लबाडी करणाऱ्यांची उणीव नसल्यामुळे तिचे काम पडतच राहील. फक्त नारायणरावाच्या वधाचा विचार करताना ती बाजूस ठेवावी. त्या प्रकरणी अपराध अक्षर बदलले तेव्हा घडला नाही. सख्ख्या पुतण्यास धरण्याचे काम भाडोत्री माणसांस सांगून रघुनाथरावाने बक्षीस ठरविले, तेव्हाच तो घडून चुकला होता. दुपारी एक वाजता वाड्यात जे झाले तो त्याचा परिणाम होता. रामशास्त्र्यांनी हे ओळखले होते. आपणही ओळखावे, एवढीच वाचकांस विनंती.